तो पोरगा रग्बी खेळत नाहीये

‘ऑस्ट्रेलियातल्या खेडेगावचा पोरगा रग्बी खेळून स्टार झाला’ अशा ओळीखाली अंडाकृती चेंडू धरलेल्या खेळाडूचा फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. चेंडू तसा दिसतो, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण पोरगा व्हिक्टोरियातल्या बेंडिगो किंवा मिल्डुराकडचा असेल, तर तो बहुधा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे ‘फूटी’ खेळतोय. तिथल्या गावांत हिवाळ्यात हाच खेळ चालतो, आणि तोही उन्हाळ्यात क्रिकेट होतं त्याच मैदानावर. त्याची पहिली नियमावली मेलबर्नमध्ये 1859 साली लिहिली गेली.

ओळखायचं कसं? आधी मैदान बघा. रग्बीचं आयताकृती, यांचं लंबगोल. मग खांब मोजा. फूटीत प्रत्येक टोकाला चार खांब, आडवी दांडी नाही. मधल्या दोहोंतून लाथेनं चेंडू गेला की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तर 1. गोल झाला की पंच दोन झेंडे फडकवतो, एका गुणाला एक. (हे दृश्य मला फार आवडतं.)

व्हिडिओ असेल तर हात बघा. रग्बीत चेंडू मागे फेकतात. इथे फेकणंच बेकायदा; एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीनं ठोसायचा, कुठल्याही दिशेला. पळताना दर 15 मीटरला तो जमिनीवर आपटावाही लागतो, आणि अंडाकृती चेंडू सरळ हातात परत आणणं हे वर्षांच्या सरावाचं काम.

फोटोत एवढं दिसत नसेल तर बाह्या बघा: फूटीचा गणवेश बहुधा बिनबाह्यांचा असतो.