माळ उतरली, कावीळ उतरली?

गेल्या पावसाळ्यात पुतण्याला कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू माळ घेऊन आल्या. हिरव्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत आवळून केलेली, डोक्यावर टोपीसारखी बसणारी. "ही जसजशी खाली येईल तसतशी कावीळ उतरेल, तेलकट देऊ नका," असं बजावून गेल्या. माळ खरंच आधी गळ्यात आली, मग छातीवर. डोळेही पांढरे झाले. डॉक्टरांनी हेपॅटायटिस ए (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) सांगितलं होतं, ते कुणाला आठवेना.

माळ लांबते कारण ओल्या काड्या सुकून बारीक होतात, फास सैल पडतात आणि त्यांत अडकलेला दोरा मोकळा होतो. कावीळ उतरते कारण हेपॅटायटिस ए बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' म्हणून इथेच थांबता येईल. पण या माळेत तर्कशास्त्राचा एक सुंदर धडा आहे, तो सोडवत नाही.

आपल्याकडच्या न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, नेहमीचं उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. इथे धूर हा हेतू, म्हणजे खूण; आग हे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट. 'जिथे धूर तिथे आग' हा नियम म्हणजे व्याप्ती. आता तोच उलटा फिरवा, म्हणजे आग हेतू आणि धूर साध्य: जिथे आग तिथे धूर. फसला! लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होतो? सरपण ओलं असतं म्हणून. या लपलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, 'उपाधी' म्हणतात. तिची व्याख्या जरा किचकट आहे, पण दोनदा वाचा: जी साध्याबरोबर नेहमी असते, पण हेतूबरोबर नेहमी नसते, ती उपाधी. जिथे धूर तिथे ओलं सरपण असतंच. जिथे आग तिथे ते असेलच असं नाही.

आता माळ. हेतू: माळ लांबली. साध्य: कावीळ उतरली. उपाधी: यकृत सावरणं. कावीळ उतरते तेव्हा यकृत सावरत असतंच. माळ मात्र यकृताला न विचारता लांबते. काकूंकडून तसलीच दुसरी माळ मागून मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. तीही लांबली. खिळ्याला कावीळ नव्हती.

(चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरवणारे'ही असतात. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळला की निरोगी माणसाच्या हातूनही पाणी पिवळं होतं.)

"म्हणजे मी खोटं बोलते?" काकू रागावल्या. नाही. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेलं गौतमाचं न्यायसूत्र आप्ताच्या, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या, सांगण्याला प्रमाण मानतं. भाष्यकार वात्स्यायन आप्ताची लक्षणं सांगतो: त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत हवी, आणि जशी पाहिली तशी सांगायची इच्छा हवी. वर म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांना सारखंच लागू. कोण बोलतो यापेक्षा त्याने काय पाहिलं हे महत्त्वाचं. व्हॉट्सअॅपवर 'अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' वाचून माना डोलावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

काकूंनी लांबलेली माळ पाहिली आणि पांढरे झालेले डोळे पाहिले. तेवढ्यापुरत्या त्या पक्क्या आप्त. 'माळेमुळे' हा शब्द मात्र त्यांनी पाहिलेला नाही, तो त्यांचा तर्क आहे.

शिवाय माळवाल्याकडे पेढे घेऊन येतात ते बरे झालेलेच. ज्याच्या पित्तनलिकेत खडा अडकलाय त्याचीही माळ लांबते, फक्त डोळे पिवळेच राहतात. हेपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जातं. तिच्या गळ्यातली माळही वेळेवर छातीपर्यंत येते.