जिप्सी मेजर म्हणजे ‘मोठं जिप्सी वन’ नव्हे

दर 15 ऑक्टोबरला जेआरडी टाटांच्या 1932 च्या कराची–जुहू उड्डाणाची आठवण निघते आणि सोबत कधी जिप्सी मॉथचा, कधी टायगर मॉथचा फोटो डकवलेला असतो. विमान होतं पस मॉथ. हा गोंधळ एक वेळ चालवून घेईन. पण अशा विमानांच्या इंजिनांबद्दल ‘जिप्सी मेजर म्हणजे जिप्सी वनचीच ताकद वाढवलेली आवृत्ती’ असं जे सर्रास लिहिलं जातं, ते खटकतं.

साम्य आहेच. दोन्ही इंजिनं डी हॅविलंड या ब्रिटिश विमान कंपनीची, अभियंता फ्रँक हॅलफर्डच्या हातची, एका रांगेत चार सिलिंडर, हवेवर थंड होणारी. 1927 चं वन 5.23 लिटर, साधारण 100 अश्वशक्ती. 1932 चं मेजर 6.12 लिटर, 130 अश्वशक्ती. आकडे विसरलात तरी बिघडत नाही.

विसरायचं नाही ते हे: मेजर उलटं आहे. वनमध्ये क्रँकशाफ्ट (पंखा फिरवणारा मुख्य दांडा) तळाला आणि सिलिंडर वर उभे, त्यामुळे त्यांची डोकी थेट वैमानिकाच्या नजरेसमोर आडवी येतात. वननंतर आलेल्या जिप्सी थ्रीमध्ये इंजिनच पालथं केलं. क्रँकशाफ्ट वर गेला, सिलिंडर खाली लोंबू लागले. पस मॉथला हेच थ्री होतं, आणि त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवून मेजर झालं. पालथं केल्याने पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून उंच राहिला आणि समोरचं दिसू लागलं.

मग ऑइलचं काय? वनमध्ये ते क्रँकशाफ्टखालच्या संपमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भांड्यात, साठतं. पालथ्या इंजिनात तशी जागाच उरत नाही, म्हणून टाकी वेगळी. पंप ऑइल इंजिनात ढकलतो आणि परत टाकीत ओढतोही. मेजर बसवलेल्या टायगर मॉथच्या डाव्या अंगाला बाहेर दिसते ती हीच टाकी. तरी विमान नुसतं उभं असलं की थोडं ऑइल पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून खालच्या ज्वलनकक्षात उतरतं. ऑइल दाबलं जात नाही. तसंच इंजिन सुरू केलं तर पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून आधी मॅग्नेटोचे (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राचे) स्विच बंद करून पंखा हाताने सावकाश फिरवायचा. अडकला तर जोर अजिबात लावायचा नाही. स्पार्क प्लग काढून ऑइल निथळू द्यायचं. वनवर शिकलेल्याने मेजर हाताळताना ही एक गोष्ट अंगवळणी पाडलीच पाहिजे.

फोटोत ओळखायचं तर पंख्याचा मध्य बघा. सिलिंडर त्याच्या वर असतील तर वन किंवा टू, खाली असतील तर थ्री किंवा मेजर. ‘मॉथ’ या नावावर विसंबू नका, कारण नंतरच्या मॉथनाही पालथी इंजिनं बसली.

आणि आपल्या हवाई दलाच्या एचटी-2 या प्रशिक्षण विमानाला ‘मेजर’ होतं हे बरोबर, पण ते सिरस मेजर, म्हणजे वेगळ्याच घराण्यातलं इंजिन: 155 अश्वशक्तीचं, तेही पालथंच. त्याला जिप्सी म्हणू नका.