दुसऱ्याच्या घरात मांडलेली चूल

४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारे झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. विजयाच्या भाषणात त्यांनी नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं वाक्य म्हटलं आणि आपल्याकडच्या बातम्यांत तेच गाजलं. त्या भाषणाची सुरुवात मात्र दुसऱ्याच एका माणसाच्या शब्दांनी झाली होती: ‘मानवतेसाठी अधिक चांगल्या दिवसाची पहाट मला दिसते आहे.’ हे शब्द युजीन डेब्स यांचे. १९१८ साली क्लीव्हलंडच्या कोर्टात, शिक्षा ऐकण्याआधी ते बोलले होते. निवडणुकीच्या वाटेनं समाजवाद आणू पाहणारी अमेरिकेतली आजची चळवळ कुठून आली, हे समजून घ्यायचं तर डेब्सपासूनच सुरुवात करावी लागते.

डेब्स इंडियानातल्या टेर होट गावचे, रेल्वे कामगारांचे पुढारी. १८९४ च्या पुलमन संपात त्यांना सहा महिन्यांची कैद झाली आणि तुरुंगातल्या वाचनानं ते समाजवादाकडे वळले. १९०० ते १९२० या काळात ते पाच वेळा अध्यक्षपदासाठी उभे राहिले. १९१२ मध्ये त्यांना नऊ लाखांहून जास्त, म्हणजे एकूण मतांच्या सहा टक्के मतं पडली. त्या वर्षी त्यांच्या सोशलिस्ट पार्टीचे हजाराहून अधिक लोक देशभर छोट्यामोठ्या पदांवर निवडून आलेले होते. आणि हा पक्ष फक्त शहरी गिरणी-कारखान्यांचा नव्हता. त्याचा सर्वांत भक्कम मुलूख होता ओक्लाहोमा, कर्जात बुडालेल्या कुळांचा आणि छोट्या शेतकऱ्यांचा. तिथं डेब्सना सुमारे सोळा टक्के मतं मिळाली. अमेरिकेच्या मातीत समाजवाद कधी रुजलाच नाही असं आपण सहज म्हणून जातो, ते खरं नाही.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात तर या पक्षानं सत्ताच चालवली. १९१० मध्ये एमिल सायडेल महापौर झाले आणि व्हिक्टर बर्गर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेले, तिथले पहिले समाजवादी सदस्य म्हणून. पुढे डॅनियल होन १९१६ पासून १९४० पर्यंत, सलग चोवीस वर्षं महापौर होते. सांडपाण्याची व्यवस्था, स्वच्छ पाणी, बागा, सार्वजनिक आरोग्य, नगरपालिकेनं पुढाकार घेऊन बांधलेली कामगारांची घरं, असं त्यांचं काम. क्रांतीची भाषा करणारे पक्षातलेच लोक त्यांना ‘गटार समाजवादी’ म्हणून हिणवत. मिलवॉकीकरांनी ते नाव अभिमानानं मिरवलं. मला या चळवळीतला हा सगळ्यात मोलाचा काळ वाटतो. टायफॉइडनं पोरं दगावत होती अशा काळात गटार बांधणं हेच समाजवादाचं काम होतं.

पण १९१२ मध्ये सायडेल हरले. का, तर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांनी मिळून त्यांच्याविरुद्ध एकच उमेदवार दिला. जास्त मतं त्याला जागा, अशा पद्धतीत तिसऱ्या पक्षाचं हे नेहमीचं मरण. त्यात पहिलं महायुद्ध आलं. पक्षानं युद्धाला विरोध केला आणि सरकार तुटून पडलं. १९१८ च्या जूनमध्ये ओहायोतल्या कँटन गावी केलेल्या भाषणाबद्दल डेब्सना दहा वर्षांची शिक्षा झाली. बर्गर निवडून येऊनही त्यांना सभागृहात बसू दिलं नाही. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या विधानसभेनं आपले पाचही समाजवादी सदस्य हाकलून दिले, रीतसर निवडून आलेले! त्याच वर्षी डेब्स अटलांटाच्या तुरुंगातून, ‘कैदी क्रमांक ९६५३’ असे बिल्ले छापून, पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि पुन्हा नऊ लाखांवर मतं घेतली. १९२१ च्या नाताळात ते सुटले. तोवर रशियन क्रांतीच्या प्रश्नावर पक्ष फुटला होता.

याच सुमारास दूर उत्तरेला, नॉर्थ डकोटात, एक वेगळा प्रयोग चालला होता. आजच्या डावपेचाचं मूळ तिथं आहे, म्हणून जरा थांबतो.

आपल्याकडे पक्षाचं तिकीट वरून मिळतं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्यांनी कायदे करून ते ठरवण्याचा अधिकार मतदारांना दिला. विस्कॉन्सिननं यात पुढाकार घेतला. त्या निवडणुकीला प्राथमिक निवडणूक म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते, आणि पक्षाच्या पुढाऱ्यांना नको असलेला माणूसही त्यात उभा राहून तिकीट जिंकू शकतो. आर्थर टाउनली या पूर्वाश्रमीच्या समाजवादी कार्यकर्त्यानं ही फट ओळखली. गव्हाची प्रत ठरवणार मिनीआपोलिसचे व्यापारी, भाव पाडणारही तेच, आणि कर्ज देणाऱ्या बँकाही त्यांच्याच गोटातल्या. या रागातून १९१५ मध्ये टाउनलींनी ‘नॉनपार्टिझन लीग’ उभारली. कार्यकर्ते फोर्ड गाड्या घेऊन शेतोशेती फिरले. समाजवादी पक्षाचं नाव घेतलं की दार लावून घेणारा शेतकरी सरकारी गिरणी आणि सरकारी बँक या मागण्यांना लगेच मान डोलावत होता. लीगनं नवा पक्ष काढलाच नाही. रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत आपली माणसं उभी केली, आणि १९१६ मध्ये लिन फ्रेझर हा शेतकरी राज्यपाल झाला. १९१९ मध्ये बँक ऑफ नॉर्थ डकोटा स्थापन झाली, मग पिठाची सरकारी गिरणी आली. १९२१ मध्ये फ्रेझर यांना मतदानानंच परत बोलावलं गेलं, लीग ओसरली. बँक आणि गिरणी मात्र आजही चालू आहेत, एका पक्क्या रिपब्लिकन राज्यात.

पुढच्या दशकात समाजवादी लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक पक्षाची राज्यपालपदाची उमेदवारी अशीच जिंकली, पण अंतिम निवडणूक हरले. इकडे नॉर्मन थॉमस सोशलिस्ट पार्टीच्या नावावर सहा वेळा अध्यक्षपदाला उभे राहत होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदीतल्या कार्यक्रमानं वृद्धांचं निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, कामगार संघटनांचे हक्क अशा मागण्या कायद्यात आणल्या आणि पक्षाचा मतदारही सोबत नेला.

इथं आपली एक आठवण जुळते. जयप्रकाश नारायण १९२२ ते १९२९ अमेरिकेत शिकत होते आणि मार्क्सवादाशी त्यांची गाठ पडली ती विस्कॉन्सिनमध्येच. परत आल्यावर नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी अशा मंडळींबरोबर चर्चा झाल्या आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, काँग्रेसच्या घरातच. १९४८ मध्ये, पुन्हा नाशिकलाच, बाहेर पडून वेगळी चूल मांडायचं ठरलं. घरात राहून भांडायचं की बाहेर पडायचं, हा वाद आपल्या समाजवाद्यांनी जन्मभर घातला. अमेरिकेतल्यांनीही तोच घातला.

तिथं त्याचं उत्तर मांडलं मायकेल हॅरिंग्टन यांनी. अमेरिकेतल्या दारिद्र्यावरच्या त्यांच्या १९६२ च्या पुस्तकानं तिथल्या सरकारलाही जागं केलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कामगार संघटना, कृष्णवर्णीय, स्त्रिया, युद्धविरोधी तरुण हे सगळे डेमोक्रॅटिक पक्षात आहेत, तर समाजवाद्यांनी तिथंच असायला हवं, ‘शक्यतेच्या डाव्या टोकाला’. व्हिएतनाम युद्धावरून जुना पक्ष मोडला तेव्हा १९७३ मध्ये त्यांनी नवी संघटना काढली. १९८२ मध्ये ती ‘न्यू अमेरिकन मूव्हमेंट’ या सत्तरच्या दशकातल्या तरुणांच्या संघटनेत मिसळली आणि ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका’, म्हणजे डीएसए, जन्माला आली. तो उजव्या विचारांच्या राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा काळ होता. सदस्य काही हजारच. हॅरिंग्टन १९८९ मध्ये गेले. त्याच वर्षी डीएसएचे सदस्य असलेले डेव्हिड डिंकिन्स न्यूयॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले, पण समाजवाद हा काही त्यांच्या प्रचाराचा मुद्दा नव्हता.

बर्नी सँडर्स या संघटनेचे कधीच सदस्य नव्हते. १९८१ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचे महापौर म्हणून ते फक्त दहा मतांनी निवडून आले, अपक्ष. पुढेही अपक्षच राहिले. पण २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीचं दार वापरलं आणि सुमारे एक कोटी तीस लाख मतं मिळवली. २००८ च्या आर्थिक अरिष्टात नोकरी शोधणारी, शिक्षणाच्या कर्जाखाली दबलेली पिढी त्यांच्यामागे आली. त्याच वर्षी ट्रम्प जिंकले, आणि डीएसएत लोक लोंढ्यानं आले. सहा-सात हजारांची संघटना २०२१ पर्यंत नव्वद हजारांच्या पुढे गेली.

जून २०१८ मध्ये डीएसएच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी न्यूयॉर्कमध्ये दहा वेळा निवडून आलेले खासदार जोसेफ क्राउली यांना प्राथमिक निवडणुकीत हरवलं. त्यांना मतं पडली जेमतेम सतरा हजार. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्राथमिक निवडणुकीला मतदार फार कमी येतात, त्यामुळे घरोघर जाणारे काहीशे निष्ठावान कार्यकर्ते निकाल फिरवू शकतात. हीच या चळवळीची ताकद, आणि हीच दुबळी बाजूही. २०२४ मध्ये जमाल बोमन आणि कोरी बुश हे याच चळवळीतले दोन खासदार तशाच प्राथमिक निवडणुकांत, प्रचंड पैसा विरोधात ओतला गेल्यावर, पडले.

बाहेर राहून जिंकलेलं एक ठळक उदाहरणही आहे, पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांचं. २०१३ मध्ये त्या ‘सोशलिस्ट अल्टरनेटिव्ह’ या गटातर्फे सिॲटलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. ताशी पंधरा डॉलर किमान वेतनाची मागणी त्यांनी लावून धरली आणि ती शहरात मंजूर झाली. २०२३ मध्ये त्यांच्या ठरावामुळे जातिभेदावर कायद्यानं बंदी घालणारं सिॲटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. सिॲटलच्या नगर परिषदेच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, म्हणून तिथं वेगळी चूल पेटू शकली.

ममदानी मात्र हॅरिंग्टन यांच्या वाटेचे. घर जप्तीच्या नोटिसा आलेल्या कुटुंबांना मदत करणारे सल्लागार, २०२० मध्ये क्वीन्समधून राज्य विधानसभेवर निवडून आलेले. जून २०२५ मध्ये त्यांनी माजी राज्यपाल अँड्र्यू क्युओमो यांना डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत हरवलं. हरलेले क्युओमो मग अपक्ष उभे राहिले, तरी नोव्हेंबरमध्ये ममदानींना दहा लाखांहून जास्त, एकूण मतांच्या निम्म्याहून थोडी अधिक मतं मिळाली. १ जानेवारी २०२६ रोजी सिटी हॉलसमोरच्या समारंभात त्यांना शपथ दिली ती बर्नी सँडर्स यांनी.

भाडेवाढ रोखणं, मोफत आणि वेगवान बस, सर्वांसाठी पाळणाघरं, शहराच्या मालकीची किराणा दुकानं, ही त्यांची आश्वासनं मिलवॉकीच्या होनना ओळखीची वाटली असती. भाडेनियंत्रणाखालच्या सुमारे दहा लाख घरांचं भाडं ठरवणाऱ्या मंडळाचे सदस्य महापौर नेमतात, तेव्हा ते काम त्यांच्या आवाक्यातलं आहे. बससेवा मात्र राज्याच्या प्राधिकरणाकडे आहे. श्रीमंतांवरचा प्राप्तिकर वाढवण्याचा अधिकारही राजधानी अल्बनीतल्या विधिमंडळाचा. तिथल्या जागांसाठी दर दोन वर्षांनी जूनमध्ये प्राथमिक निवडणुका होतात.