डीलरकडून घेतलेली जुनी गाडी बिघडली तर...

गोव्यातल्या फोंड्यातील आमच्या गॅरेजतर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की जुनी गाडी घेण्याआधी ती आमच्याकडून तपासून घेणाऱ्यांची रीघ लागते. चवथ झाली की दुसरी रीघ लागते, न तपासता घेऊन पस्तावलेल्यांची. आम्ही मेकॅनिक, वकील नव्हे. पण आमचे तपासणी अहवाल लोक तक्रारीला जोडतात, त्यामुळे कुठला कागद कामाला येतो आणि कुठला नुसता फाइलमध्ये पडून राहतो, एवढं आम्हाला कळायला लागलं आहे. तेच इथे लिहिलं आहे.

"जुन्या गाडीला गॅरंटी नसते हो"

डीलरचं हे वाक्य अर्धं खरं आहे. सात-आठ वर्षं चाललेल्या गाडीची क्लच प्लेट महिनाभरात गेली, बॅटरी बसली, ब्रेक पॅड संपले, तर ती झीज. किंमत कमी असते ती त्याचसाठी. अशा तक्रारी घेऊन भांडायला जाऊ नका, वेळ जाईल.

मीटर मागे फिरवलेला असणं, अपघातात कापलेला पिलर (छताला आधार देणारा खांब) वेल्डिंग करून पुट्टीखाली दडवलेला असणं, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी शाम्पू मारून विकायला ठेवणं, बँकेचा बोजा लपवणं हा प्रकार वेगळा. इथे तुमच्यापासून माहिती लपवून पैसे घेतले गेले आहेत, आणि गाडी जुनी आहे म्हणून ते माफ होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुन्या वस्तूंनाही लागू आहे. त्याच्या जोडीला मालविक्रीचा १९३० चा कायदा आहे. त्यानुसार वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, ती विकण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे असला पाहिजे, आणि तो त्याच मालाचा धंदा करत असेल तर माल विकण्यालायक दर्जाचा असला पाहिजे. एक मेख मात्र आहे. तुम्ही वस्तू तपासून घेतली असेल, तर तपासताना दिसायलाच हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही. बंपरवरचा ओरखडा नंतर दाखवून उपयोग नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं सील, आतून गेलेलं असेल तर ते शोरूमच्या दारात उभं राहून कोणालाच दिसणार नव्हतं.

पावतीवर "आहे त्या स्थितीत विकली" असा शिक्का असतो. तो पाहून बरेच जण हात टेकतात. झीज आणि किरकोळ बिघाड यांपासून हा शिक्का डीलरला वाचवू शकतो. जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याला त्याने कायदेशीर रूप येत नाही.

बिल, आणि त्यावरचा आकडा

बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा: बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, काहीच लिहिलेलं नसेल तर ३० दिवसांत. हे ३० दिवस फार थोड्यांना माहीत असतात.

"बिल केलं तर जीएसटी चढेल, तुम्हालाच महाग पडेल," असंही ऐकवलं जातं. २०२५ च्या सुरुवातीपासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर आहे, पण नोंदणीकृत डीलर जुन्या गाड्यांसाठीच्या या सवलतीने कर भरतो तेव्हा तो त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. म्हणजे साडेचार लाखांची गाडी बिलाने घेतली म्हणून तुमच्या डोक्यावर ऐंशी हजार बसत नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे साडेचार लाख देऊन तीन लाखांची पावती घेणं. उद्या पैसे परत मिळायची वेळ आली तर कागदावर तीनच दिसतात. वरच्या दीड लाखाचा पुरावा कुठून आणणार? पैसे बँकेतूनच द्या, टोकनसुद्धा.

पैसे देण्याआधी पाच गोष्टी डीलरकडून सहीशिक्क्यासह लिहून घ्या: मीटरचं रीडिंग, अपघात झाला होता की नाही, गाडी पाण्यात गेली होती की नाही, आधी किती मालक होते, आणि कर्ज किंवा चलन बाकी आहे का. जो तोंडाने छातीठोक सांगतो पण लिहायला तयार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नका, मग ती कितीही चकचकीत असो.

दिसण्यावर जाऊ नका

एका ग्राहकाने हॅचबॅक आणली होती. मीटरवर ४२ हजार. पेंट झकास. पण क्लच पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं कव्हर नवं आणि त्याखालचं मूळ लेदर सोललेलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढायला सांगितली, तर दोन वर्षांपूर्वीच ७१ हजारांवर ऑइल बदललेलं. त्या एका जॉबकार्डाच्या छापील प्रतीने जे काम केलं ते आठवडाभराच्या वादावादीने झालं नसतं. डीलरने गाडी परत घेतली.

पुराची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. सीट कव्हर बदलतात, मॅट बदलतात, पण बेल्टचं ते शेवटचं वीतभर टोक कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की सीटच्या रेलचे बोल्ट बघा, गंजलेले असतील. किनाऱ्यालगत उभ्या राहिलेल्या गाड्यांना खारी हवा खालून खाते, तेव्हा गाडी जॅकवर घेऊन तळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिचोली-सांग्याकडच्या खाणपट्ट्यात फिरलेल्या गाडीचा लाल धुरळा डोअर रबरच्या आत सापडतो. त्याने गाडी वाईट ठरत नाही, पण "मालक पणजीत ऑफिसला जायचा फक्त" हे खोटं ठरतं. बाकी फर्मागुढीचा चढ आहेच. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढवा, इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही असं झालं तर क्लच घसरतोय.

रेंट-अ-कॅबची, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देतात ती, काळ्या पाटीची गाडी खासगी करून विकली जाते. त्यात बेकायदा काही नाही, मात्र हे तुम्हाला आधी सांगितलं पाहिजे. आरसीचा इतिहास मागा.

डीलर कोण, गाडी कोणाच्या नावावर

केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना द्यायची असते, फॉर्म २९सी. त्या अधिकारपत्राची प्रत मागा. आपल्याकडे बरेच "डीलर" खरे तर कमिशनवरचे मध्यस्थ असतात. तसा असला तरी त्याने कमिशन घेतलं म्हणजे सेवा दिली, आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल त्याच्यावर तक्रार होऊ शकते. शेजाऱ्याकडून थेट गाडी घेतली असेल तर मात्र ग्राहक आयोगाची वाट सहसा बंद. मग दिवाणी न्यायालय.

नाव बदलणं डीलरच्या भरवशावर सोडू नका. त्यासाठी आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० असतात. त्याच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. कर्नाटकची किंवा महाराष्ट्राची गाडी स्वस्त मिळते, पण तिथल्या आरटीओचं एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब करा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही.

दोष निघाला, आता?

आधी गाडी खोलू नका. लोक हीच चूक करतात: घाईघाईत दुसरीकडे इंजिन उतरवतात, जुने पार्ट भंगारात जातात आणि सिद्ध करायला काही उरत नाही. फोटो, व्हिडिओ, गाडीला स्कॅनर लावल्यावर दिसणारे बिघाडाचे कोड, कुठल्याही जाणकार गॅरेजचा तारीखवार लेखी अहवाल घ्या. अगदीच दुरुस्ती करावी लागली तर काढलेले पार्ट जपून ठेवा.

मग डीलरला लेखी कळवा, गाडी बघायची संधी द्या, काय हवं ते स्पष्ट लिहा: दुरुस्ती, पैसे परत की नुकसानभरपाई. व्हॉट्सॲपवर लिहिलंत तरी स्पीड पोस्टने एक प्रत पाठवाच. मूळ चॅट फोनमधून उडवू नका, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. याच टप्प्यावर बरीच प्रकरणं मिटतात, कारण डीलरलाही बाजारात नाव राखायचं असतं.

नाही मिटलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर बेळगावचा असला तरी. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. ऑनलाइनही दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तांत्रिक तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चला.

टॅक्सीवाल्यांना वाटतं की धंद्याची गाडी म्हणून आपल्याला हा कायदा नाही. स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर तुम्हीही ग्राहक आहात. पाच-सहा गाड्या भाड्याने देणाऱ्याला ते लागू होणं कठीण.

चेसिस नंबर खोडलेला, कागद बनावट किंवा गाडी चोरीची निघाली तर आयोगाची वाट बघत बसू नका, थेट पोलीस ठाणं.

आमच्याकडे तपासणीला गाडी आणताना इंजिन थंड ठेवा. डीलरने आधीच तासभर चालू करून ठेवलेली गाडी आम्ही त्या दिवशी तपासत नाही, कारण सकाळच्या पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून येणारा निळा धूर तोवर गेलेला असतो. सोबत आरसीची प्रत, विम्याचे कागद आणि डीलरने लिहून दिलेला कागद आणा. अहवालावर आमची सही आणि शिक्का असतो. दुरुस्ती आमच्याकडेच करावी अशी अट नाही.