युनायटेड पुन्हा लीग जिंकेल का? गोलांचा हिशेब काय सांगतो

मँचेस्टर युनायटेडने इंग्लंडची लीग शेवटची जिंकली ती २०१३ साली. २२ एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर ॲस्टन व्हिलाचा ३-० असा पराभव झाला, तिन्ही गोल रॉबिन व्हॅन पर्सीने मारले आणि चार सामने राखून विसावं जेतेपद पक्कं झालं. महिन्याभरात मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले. पुढच्या मोसमात संघ सातवा आला. त्यानंतर कधी दुसरा, कधी सहावा, कधी आठवा असं करत २०२४-२५ मध्ये ४२ गुणांसह थेट पंधरावा.

या बारा वर्षांत युनायटेडबद्दल जेवढं बोललं गेलं, तेवढं जिंकणाऱ्या संघांबद्दलही क्वचितच बोललं गेलं असेल. मालकांची चूक, मॅनेजरची चूक, खेळाडूंना जर्सीची किंमत नाही वगैरे. त्यातलं बरंचसं खरंही असेल. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: या घसरणीत संघाची ताकद किती कमी झाली आणि नशिबाचा वाटा किती? हे वेगळं केल्याशिवाय पुन्हा जिंकण्याच्या शक्यतेबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही. आणि हे वेगळं करता येतं, निदान ढोबळमानाने.

सुरुवात गोलांपासून करावी लागेल, कारण फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. ब्रिटिश हवाई दलातले चार्ल्स रीप १९५० मध्ये स्विंडनच्या मैदानावर वही-पेन्सिल घेऊन पास आणि फटके मोजायला लागले आणि पुढची कित्येक वर्षं मोजतच राहिले. संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्यांनी १९६८ मध्ये जो शोधनिबंध लिहिला, त्याचा निष्कर्ष असा की या खेळावर योगायोगाचं राज्य आहे. २००६ मध्ये बेन-नाइम, वाझ्केझ आणि रेडनर या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी इंग्लिश फुटबॉलची तुलना अमेरिकेतल्या बेसबॉल, आइस हॉकी, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगशी केली. कमजोर संघाने तगड्या संघाला हरवण्याचं प्रमाण फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त निघालं, सुमारे ४५ टक्के. बास्केटबॉलमध्ये ते ३७ टक्क्यांच्या आसपास होतं.

असं का होतं, हे एका सामन्यावरून बघू. नव्वद मिनिटांत एखाद्या संघाला पाच-पन्नास वेळा पुढे सरकायला मिळतं, त्यातल्या थोड्याच वेळा फटका मारता येतो आणि त्यातलाही एखादाच आत जातो. संधी पुष्कळ, पण प्रत्येक संधीची यशाची शक्यता अगदी थोडी, अशा घटना मोजायला फ्रेंच गणिती प्वासाँ यांचं सूत्र चपखल बसतं. समजा, एक संघ सामन्याला सरासरी १.८ गोल करतो आणि समोरचा सरासरी १. म्हणजे पहिला जवळजवळ दुप्पट भारी. सूत्रात हे दोन आकडे घातले की ० गोल, १ गोल, २ गोल यांच्या शक्यता मिळतात आणि त्यावरून निकालाच्याही. भारी संघ जिंकण्याची शक्यता ५६ टक्के, बरोबरीची २३ टक्के आणि हरण्याची २१ टक्के. गोलांच्या हिशेबात जवळजवळ दुप्पट भारी असलेला संघसुद्धा दर पाच सामन्यांत एक हरणार, तेही कुणाची काही चूक नसताना.

आता हाच संघ ३८ सामने असाच खेळला तर? विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण धरला तर सरासरी ७३ गुण. पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात नशिबामुळे गुण वर-खाली होतात आणि हा चढउतार साधारण ८ गुणांचा निघतो. म्हणजे तीनपैकी दोन मोसमांत या संघाचे गुण ६५ ते ८१ च्या दरम्यान असतील. खेळाडू तेच, मॅनेजर तोच, खेळाचा दर्जाही तोच. एका वर्षी वर्तमानपत्रं त्याला ‘जेतेपदाचा दावेदार’ म्हणतील, पुढच्या वर्षी ‘निराशाजनक’.

हीच पट्टी युनायटेडला लावू. २०१२-१३ च्या विजेत्या मोसमात त्यांनी ८६ गोल केले आणि ४३ खाल्ले. एवढ्या गोलांवर सूत्रानुसार ७९ गुण व्हायला हवे होते. प्रत्यक्षात झाले ८९. दहा गुण जास्त! यातला काही भाग फर्ग्युसनच्या संघाच्या चिवटपणाचा असू शकतो. एका गोलाने सामना काढायचा, शेवटच्या मिनिटापर्यंत सोडायचं नाही, हे त्या संघाच्या रक्तात होतं. फर्ग्युसनच्या अखेरच्या सामन्यात वेस्ट ब्रॉमविचशी झालेली ५-५ बरोबरीही खाल्लेल्या गोलांचा आकडा फुगवते. तरीही दहा गुण हा मोठा फरक आहे. माझं मत असं की त्या वर्षीचा संघ गुणतक्त्यात दिसला तेवढा बलाढ्य नव्हता. फर्ग्युसननंतरचे मॅनेजर डेव्हिड मोयेस यांच्या हाती आला तो ८९ गुणांचा संघ नव्हता, ७९ गुणांच्या आसपासचा होता आणि त्यातले बरेच जण तिशी ओलांडलेले होते. पुढचे ६४ गुण वाईटच, पण घसरण वाटली तेवढी खोल नव्हती.

आणि २०२४-२५? गोल केले ४४, खाल्ले ५४. सूत्र म्हणतं ४५ गुण, मिळाले ४२. नशिबाने तीन गुण नेले असं म्हणता येईल. ते मिळाले असते तर संघ पंधराव्याऐवजी चौदावा आला असता, बस. चाहत्याला हे कडू लागेल, पण त्या वर्षीचं अपयश योगायोगाचं नव्हतं. तो संघ खरोखरच तितका साधारण खेळला. त्या दर्जाचा संघ निव्वळ नशिबावर ८४ गुणांपर्यंत, म्हणजे त्या वर्षीच्या विजेत्यापर्यंत, जाण्याची शक्यता लाखात एकही नाही.

इथे चाहते लेस्टरचं उदाहरण देतात आणि ते द्यायलाच हवं. लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये चौदावं होतं. पुढच्या मोसमाआधी सट्टेबाजांकडे ते जिंकण्याचा भाव पाच हजाराला एक होता आणि ते जिंकले. त्यांचे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. केलेले गोल ६८, खाल्लेले ३६. म्हणजे वर घेतलेल्या १.८ आणि १ च्या संघासारखाच संघ, किंचित सरस. सूत्राने दिलेल्या गुणांपेक्षा सहा-सात गुण जास्त मिळवून ते ८१ वर गेले. शिवाय त्या वर्षी सगळे बडे एकदम ढेपाळले, दुसरा आलेला आर्सेनल ७१ वर थांबला. चौदाव्या क्रमांकावरून पहिल्यावर ही उडीसुद्धा एका रात्रीतली नव्हती. आदल्या मोसमातल्या शेवटच्या नऊपैकी सात सामने लेस्टरने जिंकले होते. ताकद आधीच वाढली होती, गुणतक्त्याला ती दिसायला वेळ लागला.

त्याशेजारी युनायटेडचा २०१७-१८ चा मोसम ठेवा. मॅनेजर जोझे मोरिन्यो. केलेले गोल ६८, लेस्टरइतकेच. खाल्लेले फक्त २८, म्हणजे लेस्टरपेक्षा आठ कमी. गुण ८१, तेही लेस्टरइतकेच. पण त्या वर्षी मँचेस्टर सिटीने १०० गुण मिळवले आणि युनायटेड १९ गुणांनी दुसरं आलं. पुढच्याच डिसेंबरमध्ये मोरिन्यो यांना जावं लागलं. फर्ग्युसननंतरचा युनायटेडचा सर्वांत जास्त गुणांचा मोसम आजही तोच आहे. लीग जिंकणं ही अर्धी आपली आणि अर्धी दुसऱ्यांची गोष्ट असते, ती अशी.

मॅनेजर बदलण्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण या क्लबने बारा वर्षांत तोच उपाय पुन्हा पुन्हा केला. मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, आमोरिम. मधले हंगामी वेगळेच. संघ हरायला लागला की मॅनेजर जातो, नवा येतो, चार सामने जिंकले जातात आणि सगळ्यांना वाटतं, बघा, फरक पडला! नेदरलँड्समधले अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी तिथल्या वरच्या श्रेणीतले १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. मॅनेजर काढलेले संघ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तेवढीच पडझड होऊनही मॅनेजर न काढलेले संघ. दोघेही सावरले आणि जवळपास सारखेच सावरले. कारण पडझडीतला काही भाग मुळात वाईट नशिबाचा असतो आणि नशीब सलग वाईट राहत नाही. निकाल आपोआप सरासरीकडे परततात. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं.

हे ओळखणाऱ्या क्लबला केवढा फायदा होतो, ते लिव्हरपूलने दाखवून दिलं. मॅनेजर युर्गन क्लॉप यांचा डॉर्टमुंड संघ २०१४-१५ मध्ये जर्मनीत सातवा आला होता. त्याच वर्षी लिव्हरपूलने त्यांना आणलं. क्लबचे संशोधन प्रमुख इयन ग्रॅहम यांनी केंब्रिजमधून सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली. त्यांच्या मॉडेलनुसार डॉर्टमुंडचा त्या मोसमातला खेळ दुसऱ्या क्रमांकाचा होता, संघाला नशिबाने दगा दिला होता. ही मॉडेलं गोल मोजून थांबत नाहीत. प्रत्येक फटका कुठून, कोणत्या कोनातून, किती गर्दीतून मारला, यावरून तो आत जाण्याची शक्यता काढतात. पेनल्टीला साधारण ०.७८, पंचवीस-तीस मीटरवरून मारलेल्याला शंभरात दोन-तीन. या ‘अपेक्षित गोलां’वरून संघाची खरी ताकद गोलफरकापेक्षाही लवकर दिसते. लिव्हरपूल २०१५-१६ मध्ये ६० गुणांसह आठवं आलं होतं. चार वर्षांनी ९९ गुणांसह ते विजेते झाले, तीस वर्षांनंतर.

मग युनायटेडचं काय? सरासरीकडे परतणं त्यांनाही लागू आहे. पण कोणत्या सरासरीकडे? फर्ग्युसननंतरच्या बारा मोसमांतले गुण मी मांडले: ६४, ७०, ६६, ६९, ८१, ६६, ६६, ७४, ५८, ७५, ६०, ४२. सरासरी ६६. नियतीच्या भरवशावर राहिलं तर हा संघ तिथे परतेल, म्हणजे पाचव्या-सहाव्या क्रमांकापाशी. २०१३ च्या ८९ वर नव्हे. उलट २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा मोसमांतल्या विजेत्यांची सरासरी आहे ९१.

जिंकायला ८४ गुण पुरतील असं मानू, जे २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलला पुरले. ६६ गुणांच्या दर्जाच्या संघाला एखाद्या वर्षी ८४ गाठता येण्याची शक्यता शंभरात एक, दहा वर्षांत एकदा तरी जमण्याची दहा टक्के. तोच दर्जा ७३ वर नेला तर दर वर्षी बारात एक आणि दहा वर्षांत निम्म्याहून जास्त. ७८ वर नेला तर दर वर्षी जवळजवळ पाचात एक, दहा वर्षांत नव्वद टक्क्यांच्या घरात. ८४ ऐवजी ९१ गुण लागले तर ७८ च्या संघाचीही दहा वर्षांतली शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. हा हिशेब ढोबळ आहे, दर्जा दहा वर्षं स्थिर राहील असं धरून केलेला. पण त्यातली एक गोष्ट मला फार आशादायक वाटते: ६६ ते ७३ हे अंतर मोसमाला दोन-तीन विजयांचं आहे आणि तेवढ्याने शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

ते अंतर कापायला पैसा लागतो आणि तो या क्लबकडे आहे. २०२३-२४ चा महसूल ६६ कोटी पौंड होता. पगारावर जास्त खर्च करणारे क्लब दीर्घ काळात वर राहतात, हे अर्थतज्ज्ञ स्टेफान शिमान्स्की यांच्या अभ्यासातून ठसठशीत दिसतं. अडचण पैसा कुठे घातला याची आहे. क्रिस्तियानो रोनाल्डो ३६ व्या वर्षी परत आला, कासेमिरो तिशीत आला. दोघेही थोर खेळाडू, पण मैदानी खेळाडूचा बहर साधारण पंचविशी ते अठ्ठाविशीचा. त्यानंतर विकत घेतलेला खेळाडू दोन-तीन वर्षांत पुन्हा बदलावा लागतो आणि दर्जा चढण्याऐवजी जागच्या जागी राहतो.

या क्लबने हे अंतर पूर्वी कापलेलं आहे. १९६७ नंतर २६ वर्षं जेतेपद नव्हतं, मधे १९७४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीतही घसरला. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले आणि १९८९-९० मध्ये, चौथ्या मोसमात, संघ तेरावा होता. त्या वर्षी केलेले गोल ४६, खाल्लेले ४७, फरक उणे १. त्यांना काढा अशी मागणी जोरात होती, क्लबने ऐकली नाही. पुढच्या वर्षी फरक झाला अधिक १३, मग अधिक ३०, मग १९९२-९३ मध्ये अधिक ३६ आणि जेतेपद. २०२४-२५ चा फरक आहे उणे १०. येत्या मोसमांत एखाद्या सामन्याचा निकाल किंवा गुणतक्त्यातली जागा पाहण्याआधी मी हाच रकाना बघणार आहे. तो सलग दोन वर्षं पंचविसाच्या वर राहिला, तर विसाचे एकवीस होण्याची वाट पाहणं रास्त ठरेल.