रायझिंग स्टार लॉज, मुंबई

रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया : भारतीयांना प्रवेश देण्याच्या हेतूने मुंबईत स्थापन झालेले फ्रीमेसन पंथाचे लॉज, म्हणजे स्थानिक शाखा. हा पंथ म्हणजे गुप्त विधी पाळणारी बंधुभावाची संघटना; तिचा सभासद तो मेसन. स्थापना १५ डिसेंबर १८४३. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या (लॉजांवरील मध्यवर्ती संस्थेच्या) पटावर त्याचा क्रमांक ३४२ आहे. काही जुन्या इंग्रजी ग्रंथांत तो ४१३ असा दिलेला आढळतो. ही दोन निरनिराळी लॉजे नव्हेत; पटाची फेरआखणी झाल्याने हा फरक पडला असावा.

मुंबईत फ्रीमेसन लॉज असल्याची पहिली नोंद १७५८ ची, तर सुरतेतील १७९८ ची. दोन्ही लॉजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजखाली होती आणि १८१३ च्या सुमारास पटावरून गेली. १८२८ मध्ये मुंबईत पर्सिव्हिअरन्स हे लॉज निघाले. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने १८३६ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स (१८०१–६२) यांना पश्चिम हिंदुस्थानचे प्रांतिक ग्रँड मास्टर (तेथील लॉजांचे प्रमुख) नेमले. बर्न्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे धाकटे भाऊ, आणि कवी रॉबर्ट बर्न्स त्याच घराण्यातले. जेम्स बर्न्स यांच्या प्रांतिक ग्रँड लॉजची पहिली सभा १ जानेवारी १८३८ रोजी भरली. पुढील काही वर्षांत मुंबईतील मेसन मंडळी इंग्लंडचे छत्र सोडून स्कॉटलंडकडे वळली. पर्सिव्हिअरन्सही त्यांत होते.

रायझिंग स्टारच्या उगमाविषयी दोन मते आहेत. रूढ कथा माणेकजी कर्सेटजी (१८०८–८७) यांच्याभोवती फिरते. हे पारशी गृहस्थ रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले भारतीय सदस्य (१८४०). तेथेही त्यांना सुरुवातीला नकार मिळाला होता. पर्सिव्हिअरन्सने त्यांना घेतले नाही, तेव्हा युरोपच्या प्रवासात त्यांनी पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेतली (बहुधा १८४२-४३). परतल्यावर दीक्षित मेसन म्हणून त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि तो पुन्हा फेटाळला गेला. त्यावर बर्न्स यांनी नवे लॉज काढले, असे ही कथा सांगते.

दुसऱ्या मताप्रमाणे ही मुळात बर्न्स यांचीच योजना. माणेकजींचे प्रकरण हे तिचे निमित्त. प्रस्तुत नोंदीचा कल थोडा या मताकडे आहे. लॉजची सनद एका अर्जदाराच्या तक्रारीवर मिळत नाही; त्यासाठी आधीच मेसन असलेल्या अनेकांनी मिळून विनंती करावी लागते. शिवाय प्रवेशाचा निर्णय गुप्त मतदानाने होतो. प्रत्येक सभासद मतपेटीच्या कप्प्यात मूठ घालून गोटी सोडतो : पांढरी अनुकूल, काळी प्रतिकूल. तीन काळ्या गोट्या पडल्या की उमेदवार बाद. काही लॉजांत त्याहून कमीही पुरतात. काळी कोणी टाकली हे कळत नाही, आणि कारण सांगावे लागत नाही. हा कौल प्रांतिक ग्रँड मास्टरलाही फिरवता येत नसे. म्हणजे बर्न्स यांची इच्छा काहीही असली तरी जुन्या लॉजचे दार त्यांना उघडता आले नसते. नवे दार बसवणे एवढेच हाती होते. नव्या लॉजचे पहिले मास्टर (अध्यक्ष) बर्न्स स्वतःच झाले, तर चिटणीसपद माणेकजींकडे आले. स्थापनेप्रीत्यर्थ वायन या नामांकित कोरीवकारांच्या घराण्यातील कारागिराकडून एक पदक पाडून घेण्यात आले.

येथे ‘पहिला भारतीय मेसन’ झाला, हे मात्र खरे नाही. अर्काटच्या नवाबाचा थोरला मुलगा उमदत-उल-उमरा याला १७७५-७६ च्या सुमारास त्रिचनापल्लीत दीक्षा मिळाली होती. माणेकजी तर दीक्षा घेऊनच आले होते. रायझिंग स्टारचे वेगळेपण एवढेच की त्यात भारतीयांचा प्रवेश हा अपवाद नव्हता, उद्देशच होता.

प्रारंभीचे भारतीय सभासद पारशी आणि मुसलमान होते. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर : पारशी उमेदवाराचा हात अवेस्ताच्या प्रतीवर, मुसलमानाचा कुराणावर. हिंदूंविषयी मेसन वर्तुळात दीर्घकाळ संकोच होता. एकाच ईश्वरावरील श्रद्धा ही पंथाची अट. अनेक देवता मानणारा आणि जातीचे सोवळे पाळणारा माणूस सर्वांसोबत मेजावर कसा बसेल, असा आक्षेप घेतला जाई. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना १८७२ मध्ये, दीर्घ वादानंतर, प्रवेश मिळाला. तेथेच नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८८४ मध्ये मेसन झाले.

बर्न्स १८४६ मध्ये सर्व हिंदुस्थानचे प्रांतिक ग्रँड मास्टर झाले व १८४९ मध्ये मायदेशी परतले. त्यानंतर पारशी सभासदांचा प्रभाव वाढला. प्राच्यविद्यापंडित खरशेटजी रुस्तमजी कामा (१८३१–१९०९) हे त्यांतील प्रमुख. त्यांच्या मेसन कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचा ग्रंथ जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९०७ मध्ये संपादित केला. माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. ती लॉजची म्हणता येत नाही.

फोर्टातील फ्रीमेसन्स हॉल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. बंद दाराआडच्या विधींमुळे अशा वास्तूंना भारतात बऱ्याच ठिकाणी ‘जादूघर’ म्हणत. भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाले. जुन्या लॉजांना मूळ छत्राखाली राहण्याची मुभा त्या वेळी ठेवण्यात आली.