धुण्याची नामांकित पावडर : जादा पैसे कोठे वसूल होतात, कोठे नाही

वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीसाठी आमचा कारागीर घरी आला, की काम आटोपता आटोपता त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. जाहिरातीतली महाग पावडर खरोखरच सरस असते, की पैसे नुसते नावाचे द्यायचे? त्याचे उत्तर दारात उभ्या उभ्या नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. आम्ही पावडर विकत नाही आणि कोणत्याही कंपनीचे विक्रेतेही नाही. आमचे मत असे की, जादा पैसे वसूल होतील की नाही हे पाकिटावरच्या नावापेक्षा आपल्या घरी येणारे पाणी आणि आपल्या मशीनचा प्रकार या दोन गोष्टींवर ठरते.

नाव मोठे म्हणजे माल भारी, असे सरसकट मुळीच नाही. सर्फ एक्सेल, रिन आणि व्हील ही तिन्ही नावे हिंदुस्तान युनिलिव्हर या एकाच कंपनीची आहेत. एरियल आणि टाइड ही दोन्ही प्रॉक्टर अँड गॅम्बलची. कंपनी तीच, तरीही किलोमागे दरात मोठा फरक असतो, कारण आतले मिश्रण वेगळे असते. करसनभाई पटेल यांनी 1969 साली अहमदाबादेत सुरू केलेली निरमा तर स्वस्ताईच्याच बळावर देशभर पोहोचली आणि स्वतःच एक मोठे नाव झाली. त्यामुळे तुलना करायची ती नावांची नव्हे, तर मिश्रणांची.

प्रत्येक पावडरीत मळ सोडवणारा मूळ घटक असतो आणि धुण्याचा सोडा असतो. स्वस्त पावडरीत सोड्याचे प्रमाण जास्त असते आणि वजन भरून काढण्यासाठी मीठ किंवा तत्सम भर घातलेली असते. महाग पावडरीत त्याखेरीज तीन कामाच्या गोष्टी सापडतात. पहिली म्हणजे एन्झाइम. दूध, अंडे, रक्त, घाम, वरण-भात अशा डागांचे ते बारीक तुकडे करतात आणि कोमट पाण्यात, थोडा वेळ मिळाला की उत्तम काम करतात. दुसरी म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणारे पदार्थ. तिसरी म्हणजे सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसू न देणारे पदार्थ. रंगीत दाणे, फुलांचा वास आणि भरपूर फेस यांचा स्वच्छतेशी फारसा संबंध नाही. ‘जास्त पांढरे’ दिसण्यामागे बहुधा कापडावर राहणारा एक चकाकीचा पदार्थ असतो. तो उन्हातले अदृश्य किरण शोषून निळसर प्रकाश परत फेकतो, मळ मात्र काढत नाही.

पाण्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्यात खडकवासल्याचे नळाचे पाणी सह्याद्रीतल्या पावसाचे, म्हणजे मऊ असते. शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्यांना मात्र टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरावे लागते, आणि खडकात मुरलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर उतरलेले असतात. अशा जड पाण्यात नुसत्या सोड्याची पावडर घातली, की सोडा त्या क्षारांशी जुळून चुनखडीसारखा पांढरा साका तयार करतो. हा साका कपड्यांच्या धाग्यांत बसतो. मग टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक होतो आणि पांढरा शर्ट काही महिन्यांत राखाडी दिसू लागतो. हाच थर मशीनमध्ये पाणी तापवणाऱ्या हीटरवरही चढतो. बोअरचे पाणी असलेल्या घरातून आमच्याकडे आलेला हीटर बाहेर काढला, तर त्याच्या नळीवर खडबडीत पांढरे कवच दिसते, आणि ते नखाने निघत नाही. अशा घरांना आम्ही चांगल्या दर्जाची पावडर किंवा लिक्विडच सुचवतो. तेथे जादा खर्च कपड्यांच्या आणि हीटरच्या आयुष्यात परत मिळतो.

आपले पाणी कसे आहे हे घरच्या घरी पाहता येते. सारख्या आकाराच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत नळाचे पाणी आणि दुसरीत इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर निम्म्यापर्यंत भरा. दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा किसलेला चिमूटभर कीस टाका आणि झाकण लावून जोरात हलवा. डिस्टिल्ड पाण्यावर दाट फेस येईल. नळाच्या पाण्यावरही तसाच फेस आला, तर पाणी मऊ आहे. फेसाऐवजी दह्यासारखे पांढरे कण तरंगू लागले, तर पाणी जड आहे. बादलीत डिटर्जंट घालून ही परीक्षा होत नाही, कारण डिटर्जंटचा फेस जड पाण्यातही येतो.

मशीन फ्रंट लोड असेल, तर ‘मॅटिक’ आणि ‘फ्रंट लोड’ असे दोन्ही लिहिलेलेच पाकीट घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. या मशीनमध्ये पाणी थोडे असते आणि कपडे वरून खाली आपटून स्वच्छ होतात. हाताने धुण्याच्या पावडरीचा फेस ड्रममध्ये भरला, की कपडे त्या फेसावर अलगद पडतात, खळबळण्याच्या फेऱ्या वाढतात, आणि कधी कधी पावडरीच्या कप्प्यातून फेस बाहेर येतो. ‘मशीन बिघडले’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी काहींत बिघाड नसतोच, फेस जास्त झालेला असतो. शंका असल्यास धुतलेला एक टॉवेल पावडर न घालता नुसत्या पाण्यावर फिरवून काचेतून पाहा. फेस दिसला, तर आपण रोज गरजेपेक्षा जास्त पावडर घालत आहात.

याउलट, नळाचे मऊ पाणी, बादलीत भिजवून हाताने धुणे आणि रोजचे साधे कपडे एवढाच मामला असेल, तर सर्वांत महाग पावडरीची गरज नाही. मध्यम दराची पुरते. अगदी स्वस्त आणि सुटी पावडर मात्र हाताने धुण्यासाठीही आम्ही सुचवत नाही, कारण जास्त सोड्याने हातांची आग होते आणि कातडी फाटते. धुणे मावशी करत असतील, तर हा त्रास आपल्याला दिसत नाही इतकेच. काही डागांपुढे महाग पावडरही हतबल आहे. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो आणि एन्झाइमला दाद देत नाही. तो धुऊन कडक उन्हात टाकल्यावरच फिका पडतो. रेशीम आणि लोकर यांना एन्झाइमची पावडर लावूच नये, कारण ते धागे प्रथिनांचेच असतात.

दराची तुलना किलोवर न करता एका धुण्यावर करावी. समजा, एक पावडर 80 रुपये किलो आहे आणि एका खेपेला 150 ग्रॅम लागते, तर खर्च 12 रुपये झाला. दुसरी 240 रुपये किलो आहे, पण 60 ग्रॅम पुरते. खर्च 14 रुपये 40 पैसे. किलोमागे तिप्पट वाटणाऱ्या दरातला फरक खेपेमागे सव्वादोन-अडीच रुपयांवर येतो. हे गणित तेव्हाच खरे ठरते, जेव्हा महाग पावडर पाकिटावर लिहिल्याइतकीच घातली जाते. सवयीने मूठभर घातली, तर पैसेही जातात आणि कप्प्यात पावडरीचा दगडही साचतो.

पाण्याबद्दल शंका राहिली, तर दुरुस्तीच्या वेळी किंवा सवडीने एका स्वच्छ बाटलीत नळाचे पाणी आणि सध्या वापरत असलेल्या पावडरीचे रिकामे पाकीट आमच्या दुकानी आणावे. पाण्याचा जडपणा आम्ही चाचणीच्या पट्टीने विनामूल्य तपासून देतो आणि आपल्या मशीनला किती पावडर पुरेल ते मापावर खूण करून दाखवतो.